दुर्गम शाळेसाठी इंटरनेटवरील मोफत शैक्षणिक साहित्य: काय घ्यावे आणि कसे वापरावे

कोयना खोऱ्यातील एका द्विशिक्षकी शाळेत तुम्ही नुकत्याच रुजू झाला आहात. पहिली ते पाचवीचे वर्ग आहेत, लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आणि एक जुना लॅपटॉप आहे, आणि मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी शाळेपासून बरेच वर चढून जावे लागते. अशा शाळेत इंटरनेटवरील मोफत साहित्यापैकी नेमके काय वापरावे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता कराडला अकरावी विज्ञान शाखेत गेलेल्या धाकट्या भावाला काय सुचवावे, आणि आकाशातील ताऱ्यांची व जिल्ह्याच्या इतिहासाची आवड असलेल्या निवृत्त वडिलांना काय वाचायला द्यावे, असे तीन प्रश्न तुम्ही एकत्र विचारले आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

संकेतस्थळांची लांबलचक यादी देणे सोपे आहे, पण अशा याद्या शिक्षण परिषदेत वाटल्या जातात आणि तिथेच संपतात. त्याऐवजी निवडीची एक कसोटी मनाशी पक्की करावी, असे मी सुचवेन. कोणतेही साहित्य वर्गात नेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा: ते उतरवून घेऊन स्वतःजवळ ठेवता येते का, आणि आपल्या मुलांना पेलेल अशा रीतीने त्यात बदल करण्याची परवानगी आहे का. जे केवळ इंटरनेट चालू असतानाच पाहता येते ते कितीही उत्तम असले तरी तुमच्या शाळेत ऐन तासाला बंद पडणार आहे, आणि जे बदलता येत नाही ते पुण्या-मुंबईच्या मुलांना समोर ठेवून केलेले असेल तर तुमच्या वर्गात परकेच राहणार आहे. बदलाची परवानगी आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना. तो बहुधा पानाच्या तळाशी नोंदवलेला असतो, आणि मूळ कर्त्याचे नाव देणे, व्यापारी वापर न करणे, बदल न करणे यांपैकी कोणत्या अटी लागू आहेत ते त्यावरून समजते. परवान्याचा कोणताही उल्लेख नसेल तर ते साहित्य फक्त पाहण्यासाठी आहे असे धरून चालावे.

सुरुवात पाठ्यपुस्तकापासूनच करा. बालभारतीची, म्हणजे २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. पुस्तके तर शाळेत मिळतातच, मग पीडीएफ कशाला, असे वाटेल; पण बहुवर्ग अध्यापनात एखादे चित्र, नकाशा किंवा तक्ता टीव्हीवर मोठा करून एका गटाला कामाला लावता येते आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या इयत्तेकडे लक्ष देता येते, हा लाभ मोठा आहे. शिवाय ही पुस्तके निरनिराळ्या माध्यमांत उपलब्ध आहेत. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिकडून स्थलांतरित होऊन आलेले एखादे मूल मधल्या वर्षी तुमच्या वर्गात बसले, तर तोच धडा कन्नडमधून त्याच्यापुढे ठेवता येतो.

पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या मंचावर नेतात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या या मंचाच्या ॲपमध्ये साहित्य उतरवून ठेवण्याची सोय आहे, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावर चांगल्या वेगाच्या जोडणीवर पुढच्या महिन्याचे घटक एकदाच उतरवून घ्यावेत. मात्र तेथील साहित्याचा दर्जा सारखा नाही. काही चित्रफिती विषयाला नेमक्या भिडतात, तर काहींमध्ये पुस्तकातील मजकूरच पडद्यावर वाचून दाखवलेला असतो. प्रत्येक चित्रफीत आधी स्वतः शेवटपर्यंत पाहावी, आणि त्यातील जेवढी मिनिटे खरोखर उपयोगाची आहेत तेवढ्यांची वेळ पाठ टाचणवहीत लिहून ठेवावी. सबंध चित्रफीत दाखवलीच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही.

आता वापराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी अडचण तिथेच असते. साहित्य आधी शोधून मग ते कुठे बसवावे याचा विचार करण्याची पद्धत मला चुकीची वाटते. मूल कुठे अडते ते आधी पाहावे आणि त्या एका अडचणीपुरते साहित्य शोधावे. चौथी-पाचवीच्या मुलांना अपूर्णांकांची तुलना करायला सांगितली, तर अनेक मुले एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा असे सांगतात, कारण तीनपेक्षा चार मोठे हे त्यांना पक्के ठाऊक असते. ही चूक निष्काळजीपणाची नाही. पूर्ण संख्यांचा नियम ते प्रामाणिकपणे इथे लावत असतात. छेद म्हणजे एका वस्तूचे किती समान भाग केले ती संख्या, आणि भाग जितके अधिक तितका प्रत्येक भाग लहान, ही गोष्ट व्याख्या पाठ करून घेऊन त्यांच्या मनात उतरत नाही.

अशा वेळी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या प्रत्येकाच्या हातात द्याव्यात आणि एकीचे तीन, दुसरीचे चार समान भाग होतील अशा घड्या घालायला लावाव्यात. हे झाल्यानंतरच पडद्याकडे वळावे. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पात गणित आणि विज्ञानाच्या हलत्या प्रतिकृती मोफत मिळतात. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. बऱ्याच प्रतिकृतींचे मराठी रूप उपलब्ध आहे, आणि प्रतिकृतीची फाइल उतरवून घेतली की ती लॅपटॉपवरील ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते. नोंदणी करावी लागत नाही, जाहिरातीही नसतात. अपूर्णांकांच्या प्रतिकृतीत छेद एकेकाने वाढवत गेले की वर्तुळाचे किंवा पट्टीचे भाग डोळ्यांदेखत बारीक होत जातात आणि संख्यारेषेवरील खूणही त्याच वेळी सरकते. छेद बदलण्यापूर्वी दर वेळी मुलांकडून अंदाज घ्यावा, तो फळ्यावर लिहावा, आणि मगच बटण दाबावे. अंदाज न घेता दाखवलेली प्रतिकृती मुले कौतुकाने पाहतात, पण चाचणीत पुन्हा तीच चूक करतात. अंदाज चुकल्यावर वर्गात जी चर्चा होते ती होऊ द्यावी. उत्तर सांगण्याची घाई करू नये. पंधरा-वीस मिनिटांत हे आटोपते, आणि उरलेल्या वेळात वहीत उदाहरणे सोडवावीत. पुढे भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’ हे असेच मोफत साधन आहे, पण पाचवीपर्यंत त्याची फारशी गरज भासणार नाही.

वाचनाच्या बाबतीत मी सर्वांत अधिक भर ‘स्टोरीविव्हर’वर देतो. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये हा मंच उघडला. त्यावरील मराठी गोष्टी चार वाचनस्तरांत विभागलेल्या आहेत आणि चित्रांसह उतरवून, छापून वाटता येतात. मूळ कर्त्यांची नावे कायम ठेवली तर गोष्टीत फेरफार करण्याची आणि तिचे भाषांतर करण्याची मोकळीक त्यांच्या परवान्यात आहे, आणि तुमच्या शाळेच्या दृष्टीने हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पहिलीतील मुलाला प्रमाण मराठीतील लांब वाक्य जड जात असेल, तर तीच चित्रे ठेवून वाक्ये लहान करा. धनगरवाड्यावरून येणाऱ्या मुलांच्या घरातील शब्द वेगळे असतील, तर ते शब्द त्यांच्याकडूनच विचारून घेऊन एक वेगळी आवृत्ती तयार करा. चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांसाठी गोष्ट सोपी करून लिहिणे हा भाषेच्या तासाचा अतिशय समृद्ध उपक्रम आहे, कारण त्यात वाचन, आकलन, लेखन आणि दुसऱ्याच्या गरजेचा विचार या चारही गोष्टी एकत्र साधतात. ज्या शाळांनी अशा पुस्तिका छापून वर्गात दोरीवर टांगल्या, तेथील मुले मधल्या सुट्टीतही त्या काढून वाचताना मी पाहिली आहेत. कृष्णधवल छपाईला फार खर्च येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा विषय निःसंकोच मांडावा.

विज्ञानासाठी पद्मश्री अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाला पर्याय नाही. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या या माणसाने काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रे आणि रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली, आणि पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात दीर्घकाळ हेच काम केले. त्यांची पुस्तके व छोट्या चित्रफिती मराठीतही आहेत. इथे पडद्याचे काम फार थोडे आहे: तुम्ही एकदा पाहायचे, साहित्य गोळा करायचे आणि वर्गात मुलांच्या हातांनी करून घ्यायचे.

इंटरनेट अजिबात नसतानाही चालणारा एक मार्ग दूरचित्रवाणीचा आहे. ‘डीडी फ्री डिश’ला मासिक शुल्क नाही, आणि पीएम ई-विद्या उपक्रमाच्या शैक्षणिक वाहिन्या तीवर दिसतात. सुरुवातीला प्रत्येक इयत्तेला एक अशा बारा वाहिन्या होत्या, आणि प्रादेशिक भाषांतील शिक्षणासाठी त्या दोनशेपर्यंत नेण्याची घोषणा २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. वर्गाच्या वेळापत्रकाशी प्रसारण जुळवणे कठीण जाते, म्हणून मी हा मार्ग वर्गापेक्षा घरी अभ्यास करणाऱ्या मोठ्या मुलांना सुचवतो.

तुमच्या खोऱ्याला लागू पडणारी एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप तुमच्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांना आठवत असेल. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर अलीकडील भूकंपांची वेळ, ठिकाण, खोली आणि तीव्रता यांची नोंद सर्वांना खुली असते. त्यातील एका महिन्याचा तक्ता वहीत उतरवून घेतला, तर पाचवीच्या मुलांना दशांश चिन्ह असलेल्या संख्या लहान-मोठ्या क्रमाने लावणे, नकाशावर ठिकाण शोधणे आणि तक्ता वाचणे या तिन्ही गोष्टींचा सराव खऱ्या आकड्यांवर मिळतो. त्याच्या जोडीला घरातील वडीलधाऱ्यांना त्या पहाटेविषयी विचारून पाच वाक्ये लिहून आणायला सांगावे. कराडजवळ हजारमाची येथे केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची भूकंप संशोधनासाठीची प्रयोगशाळा आहे, आणि कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकांचा अभ्यास झाला आहे, हेही मुलांना कळले पाहिजे. आपल्या पायाखालच्या जमिनीचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ येतात, याचा अभिमान त्यांना वाटेल.

तुमच्या स्वतःच्या अभ्यासासाठी दोनच नावे सांगतो. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर अध्यापनशास्त्रापासून अभियांत्रिकीपर्यंतचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे, म्हणून प्रमाणपत्र आवश्यक नसेल तर निश्चिंतपणे शिकावे. दुसरे म्हणजे आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. लिब्रेऑफिससारखी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ त्यावर मराठी निवेदनासह मिळतात. एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून प्रत्येक कृती लगेच करून पाहावी, अशीच त्यांची रचना आहे.

सावधगिरीच्या दोन बाबी थोडक्यात, पण ठामपणे सांगतो. मुलांची नावे, छायाचित्रे, जन्मतारखा किंवा पालकांचे मोबाइल क्रमांक मागणारे कोणतेही ॲप शाळेत वापरू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकरांची माहिती अनोळखी कंपनीच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरे असे की, पहिला महिना मोफत म्हणून सुरू होणारी आणि नंतर पालकांना वर्गणीसाठी वारंवार फोन करणारी ॲप्स कोणी तुमच्या शाळेत आणली, तर मोलमजुरी करणाऱ्या पालकांवर तो भार पडू देऊ नका. अशी ॲप्स आणणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत नकार द्यावा.

आता तुमच्या भावाविषयी. मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानात जाणारा विद्यार्थी बहुतेक वेळा संकल्पनेत नव्हे तर इंग्रजीत अडतो, आणि दोन-तीन महिन्यांत ‘मला विज्ञान जमत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून बसतो. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांमुळे आपल्या भागातील खेड्यापाड्यांतली मुले पिढ्यानपिढ्या उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली. त्यांतील अनेकांनी हीच वाट ओलांडली आहे. त्याच्यासाठीचा उपाय अत्यंत साधा आहे. नववी आणि दहावीची विज्ञान व गणिताची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत उतरवून घ्यावीत, जो धडा मराठीत चांगला समजलेला आहे तोच इंग्रजीत वाचावा, आणि दोन रकाने आखून संज्ञांची वही करावी. आशय ठाऊक असल्यामुळे शब्दकोश फार उघडावा लागत नाही आणि वाक्यरचनेची सवय होते. अकरावीतील नव्या संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तिन्हींचे कोश त्यात मिळतात. रोज अर्धा तास या कामाला दिला तर दिवाळीपर्यंत फरक जाणवतो. हे काम झाल्याशिवाय चित्रफितींच्या मागे लागू नये, असे मी त्याला आग्रहाने सांगेन.

त्यानंतर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके आणि त्यांचे सरावप्रश्नांचे ‘एक्झेम्प्लर’ संच घ्यावेत. दोन्ही मोफत आहेत. जेईई आणि नीट या परीक्षांची तयारी करायची असल्यास शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी २०२३ मध्ये सुरू केलेला ‘साथी’ हा मंच पाहावा. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेसाठी मात्र राज्य मंडळाचीच पुस्तके मुख्य मानावीत. सध्याच्या आराखड्यात तिथे अकरावीला सुमारे २० टक्के आणि बारावीला सुमारे ८० टक्के भार असतो. प्रयोगशाळेत हाताला उपकरण येत नसेल तर ‘फेट’मधील विद्युत परिपथ आणि प्रक्षेप्य गती यांच्या प्रतिकृती उपयोगी पडतील, पण प्रत्यक्ष प्रयोगाची जागा त्यांना देऊ नये. जोडणी सैल राहिल्याने दिवा न लागणे हा अनुभव कोणतीही प्रतिकृती देत नाही.

वडिलांसाठी सर्वांत आधी मराठी विश्वकोश. हा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला; १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि आज सर्व खंड इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. तज्ज्ञांनी लिहून संपादित केलेल्या नोंदी मराठीत इतक्या विस्ताराने दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत. नोंद कोणत्या काळात लिहिली गेली हे मात्र लक्षात ठेवावे लागते. जुन्या खंडांत लोकसंख्येचे आकडे त्या वेळच्या जनगणनेचे आहेत, आणि प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळण्याचा निर्णय २००६ मधला असल्याने त्याआधीच्या नोंदींत तो ग्रह म्हणूनच येणार. विश्वकोश मंडळाची ज्ञानमंडळे, म्हणजे विषयवार तज्ज्ञांचे गट, आता नव्या नोंदी लिहीत आहेत, त्या सोबत पाहाव्यात. कुमार विश्वकोश तुमच्या वर्गालाही उपयोगी पडेल.

घरी रेंज नसेल तर ‘किविक्स’ हे मोफत ॲप घ्यावे. त्याच्या साहाय्याने सबंध मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून मेमरी कार्डावर ठेवता येतो आणि नंतर इंटरनेटशिवाय वाचता येतो. विकिपीडियावरील नोंदी कोणीही बदलू शकत असल्यामुळे महत्त्वाची माहिती तळटिपांशी आणि विश्वकोशाशी ताडून पाहण्याची सवय ठेवावी. आकाशासाठी ‘स्टेलॅरियम’ हे मुक्त सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून द्या. त्यात गावाचे स्थान आणि तारीख भरली की त्या रात्री कोणता ग्रह कोणत्या दिशेला, कितीच्या सुमारास दिसेल ते कळते. कोयनेच्या खोऱ्यात शहराचा उजेड नाही. पावसाळा सरल्यावर कोणत्याही अमावास्येच्या आसपास तिथले आकाश पाहण्यासारखे असते.

जिल्ह्याच्या इतिहासासाठी १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेचा, साताऱ्यावरील एकोणिसावा खंड इंटरनेटवर वाचायला मिळतो. तो इंग्रजीत आहे. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे तासगाव, वाळवा आणि खानापूर या भागांची माहितीही याच खंडात आहे. सांगलीकडील वाचक ती अनेकदा भलत्याच ठिकाणी शोधत बसतात. जुनी स्पेलिंग वेगळी असल्याने संगणकावरील शोध पुष्कळदा फसतो, म्हणून शेवटच्या प्रकरणातील वर्णानुक्रमाने दिलेली गावांची माहिती थेट उघडावी. पिके, पाऊस, वाटा, घाट आणि बाजार यांचे तपशील त्यात बारकाईने दिलेले आहेत. जातींची व लोकस्वभावाची वर्णने मात्र परक्या राज्यकर्त्यांनी कारभाराच्या सोयीसाठी आणि त्यांच्या पूर्वग्रहांसह लिहिलेली आहेत. ती त्या काळच्या सरकारी दृष्टीचा पुरावा म्हणून वाचावीत, आपल्या माणसांविषयीचे सत्य म्हणून नव्हे.